लाकडी तलवारीची धार

(यंदाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सुरत आणि तलवार हे दोन शब्द मराठी माणसाने एका वाक्यात घेतले की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच १६६४ आणि १६७० ही सालं उभी राहतात. घाबरू नका, आज तो विषय नाही. आज आम्ही बोलणार आहोत ती तलवार लाकडाची आहे. तिने कुणाची वखार लुटली नाही. पण गोष्टींच्या जगात तिने भल्याभल्यांना लोळवले आहे.

विषय सुचला तो मुलांमुळे. गणपतीतल्या नाटकाच्या तालमी चालू असताना सातवी-आठवीतली चार-पाच मुले आमच्याभोवती जमली आणि एकाने विचारले, "काका, लाकडाची तलवार खऱ्या तलवारीला हरवू शकते का?" आम्हाला वाटले, नाटकातल्या तलवारीबद्दल विचारतोय. नाही. मोबाइलवर ही मुले जपानी कार्टून बघतात. त्यात एक कुरळ्या पांढऱ्या केसांचा आळशी नायक कमरेला लाकडी तलवार लावून फिरतो आणि तिनेच बंदुका, भाले, पोलादी पाती, सगळ्यांचा समाचार घेतो. मालिकेचे नाव ‘गिंतामा’. हिदेआकी सोराची नावाच्या चित्रकाराने २००३ मध्ये ती चित्रकथा म्हणून सुरू केली. मुलांना कताना माहीत, बोक्केन माहीत. बोक्केन म्हणजे सरावाची लाकडी तलवार. आम्ही विचारले, "आणि गदका?" मुले एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणाला, "गदा का?"

पुढचे सगळे बोलणे त्या ‘गदा का’ला उत्तर म्हणून आहे असे समजा.

आधी मुलांचा प्रश्न. लाकडी तलवारीची सगळ्यात गाजलेली गोष्ट जपानची आहे. मियामोतो मुसाशी हा तिथला नामांकित तलवारबाज. १६१२ साली एका छोट्या बेटावर सासाकी कोजिरो नावाच्या तितक्याच नामांकित तलवारबाजाशी त्याचे द्वंद्व ठरले. कोजिरोची तलवार इतकी लांब होती की लोक तिला ‘कपडे वाळत घालायची काठी’ म्हणत. कथा अशी सांगतात की मुसाशी मुद्दाम उशिरा निघाला आणि होडीत बसल्या बसल्या त्याने एक जुने वल्हे तासून त्याची तलवार केली. कोजिरोच्या तलवारीपेक्षा थोडी लांब. किनाऱ्यावर उतरला आणि त्या वल्ह्याच्या एका घावात सामना संपला. यात इतिहास किती आणि दंतकथा किती यावर जपानी लोक अजून वाद घालतात. पण १९३५ ते १९३९ या काळात एइजी योशिकावा या लेखकाने वर्तमानपत्रातून मुसाशीवर कादंबरी लिहिली आणि ते वल्हे घराघरांत पोचले. जाता जाता सांगतो, त्याच १६१२ सालाच्या शेवटी इथे आपल्या सुवाळीच्या समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली आणि इंग्रजांचे पाय सुरतेत रोवले गेले. तिकडे वल्ह्याने द्वंद्व जिंकले जात होते, इकडे तोफांनी बंदर. मुसाशी वारला १६४५ मध्ये. रायरेश्वराच्या शपथेचे परंपरेने सांगितले जाणारे सालही तेच.

आता हे शक्य आहे का? तर आहे. गोष्टीत दाखवतात तसे नाही, पण आहे. पोलादी पात्याचे काम कापण्याचे. धार जेवढी बारीक तेवढा सगळा जोर एका रेषेत उतरतो. लाकडाला धार नाही, म्हणून ते कापत नाही. पण हादरा थेट हाडापर्यंत पोचवते. वरची कातडी शाबूत आणि आत मनगट मोडलेले, असा प्रकार. जड लाकडाचे टोक वेगाने फिरले की वेग दुप्पट झाल्यावर मार चौपट होतो, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. शिवाय पोलादी पाते घट्ट लाकडावर आडवे आले तर दर वेळी लाकूड कापले जातेच असे नाही. पाते लाकडात रुतते आणि अडकते. कुऱ्हाड ओंडक्यात अडकल्यावर काढायला किती झटापट होते, हे ज्यांनी गावाकडे लाकडे फोडली आहेत त्यांना सांगायला नको. मुसाशीला तर लांबीचाही फायदा होता. म्हणून त्याच्या गोष्टीत आम्हाला काही अशक्य दिसत नाही. ‘गिंतामा’त लाकडी तलवारीने भिंती फुटतात, तो भाग मात्र शुद्ध थापांचा. मुलांनो, थापा बघा, मजा घ्या, आमची हरकत नाही.

रोमन लोकांना हे फार आधी कळले होते. त्यांच्या नव्या शिपायांना सरावासाठी लाकडी तलवार देत आणि ती खऱ्या तलवारीच्या दुप्पट वजनाची असे. वेगेटियस नावाच्या लेखकाने तसे लिहून ठेवले आहे. जड लाकूड महिनोन्‌महिने फिरवलेल्या हाताला खरी तलवार फुलासारखी वाटायची. आपल्याकडे मुद्गल फिरवतात त्यातही हेच आहे. रोममधली आणखी एक गोष्ट आम्हाला विशेष आवडते. आखाड्यात जीव घेऊन-देऊन लढणारे जे ग्लॅडिएटर होते, त्यांच्यापैकी कुणाला कायमचे मोकळे करायचे झाले की त्याच्या हातात लाकडी तलवार देत. म्हणजे तिथे लाकडी तलवार हा सुटकेचा दाखला! सरकारी भाषेत बोलायचे तर रिलीव्हिंग ऑर्डर.

इंग्रजी कादंबऱ्यांतही ती सापडते. जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ च्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये एक टकलू तलवारशिक्षक आहे, सिरिओ फोरेल. एका लहान मुलीला तो लाकडी तलवारीने शिकवत असतो. शिपाई तिला पकडायला येतात तेव्हा त्याच लाकडाने तो एकामागून एक शिपाई आडवे करतो. शेवटी पूर्ण चिलखत घातलेला सरदार पुढे येतो आणि त्याच्या पोलादापुढे लाकूड अर्ध्यावर तुटते. मुलगी तेवढ्यात निसटते. या लेखकाने लाकडाची ताकदही दाखवली आणि तिची हद्दही, म्हणून हा प्रसंग आम्ही मुसाशीच्या खालोखाल ठेवतो.

गोष्टी सांगणाऱ्यांना ही लाकडी तलवार इतकी का आवडते? आम्हाला वाटते, तिच्यामुळे श्रेय कुणाचे यात घोळ राहत नाही. दैवी तलवार असली की जिंकली कोण, तलवार की माणूस, हा प्रश्न उरतो. हातात वल्हे असले की प्रश्नच मिटला. दुसरे असे की लाकूड उचलणारा माणूस समोरच्याला जिवे मारायचे नाही असे आधीच ठरवून आलेला असू शकतो. आणि खलनायक आधी हसतो. तो हसला की वाचक सावरून बसतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या कथांत क्षुल्लक वस्तूचे शस्त्र होणे नवीन नाही. रामायणात कावळ्यावर रामाने सोडली ती दर्भाची काडी. अश्वत्थाम्याने सोडले तेही गवताचे पाते. यादवांनी आपल्याच हरणाऱ्या बुद्धीने एकमेकांना मारले ते प्रभासच्या किनाऱ्यावर, आपल्या सोमनाथजवळ, आणि मारले ते एरका नावाच्या गवताने. हातात उपटून घेतले की त्याचे मुसळ होत होते. मोठ्या मापाचे लाकूड हवे असेल तर भीम आहेच. त्याला कुणी सरावाची तलवार देत बसले नाही, तो झाडच उपटायचा.

पण यात एक गोम आहे. काडीत जोर आला तो मंत्राने. गवताचे मुसळ झाले ते शापाने. मुसाशीच्या वल्ह्यात जोर आला तो हजारदा केलेल्या सरावाने. आपल्या कथांत सरावाला मान नाही असे नाही. एकलव्य आहे. विहिरीत पडलेली विटी काड्यांवर काड्या जोडून काढणारे द्रोण आहेत. झाडावरच्या लाकडी पक्ष्याचा फक्त डोळा दिसणारा अर्जुन आहे. तरी बघा, या गोष्टींत आपण धनुष्यबाणाचीच कथा सांगतो. तलवारीचा सराव ज्या लाकडाने केला, त्या लाकडाचे नाव आपल्या एकाही आवडत्या गोष्टीत येत नाही. शिवकालावरच्या नाटका-कादंबऱ्यांत भवानी तलवार आहे, दांडपट्टा आहे, वाघनखे आहेत. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे आपण पाठ म्हणतो. पण त्या जिवा महालाचा हात जिथे घडला त्या आखाड्यात मुले काय घेऊन खेळत असतील, हे लिहिणाऱ्यांनी क्वचितच लिहिले.

मुले घेऊन खेळत ती फरी आणि गदका. फरी म्हणजे हातात मावणारी छोटी चामड्याची ढाल. गदका म्हणजे तलवारीएवढी वेताची किंवा बांबूची काठी, तिला वरून चामड्याची खोळ शिवलेली. दोघे समोरासमोर उभे राहतात, सलामी होते आणि तमाचा, बाहेरा, शिर अशा नावांचे वार सुरू होतात. कुणाचा वार कुठे लागला यावर हार-जीत. चामड्याच्या खोळीमुळे डोके फुटत नाही, पण वळ उठतोच, आणि तो उठावा अशीच अपेक्षा असते. पंजाबातला गतका या गदक्याचा सख्खा भाऊ. ही आपली बोक्केन.

तिचे महत्त्व वाढले ते एका कायद्याने. १८७८ मध्ये इंग्रज सरकारने शस्त्रकायदा केला. परवान्यावाचून तलवार बाळगणे गुन्हा झाला. घरोघरच्या तलवारी गेल्या, दसऱ्याला पूजेपुरत्या काही कुठे उरल्या. आखाड्यांत मात्र गदका राहिला, लाठी राहिली, बनेटी राहिली. गंमत अशी की जपानी सरकारने सामुराईंना रस्त्यात तलवार लावून फिरायला बंदी केली ती १८७६ मध्ये. दोनच वर्षांचे अंतर. दोन्ही देशांत तलवार गेली आणि सरावाचे लाकूड उरले. पुढे तिकडच्या लेखकांनी त्या उरलेल्या लाकडावर गोष्टी रचल्या. नोबुहिरो वात्सुकी यांची ‘रुरोनी केनशिन’ ही १९९४ मध्ये सुरू झालेली चित्रकथा घ्या. तिच्यातला काळ बरोबर १८७८ चा आहे. तलवारबंदीच्या दिवसांत एक मुलगी वडिलांची तालीम चालवते आहे आणि तिच्या हातात आहे ती लाकडी तलवार. तेच १८७८ साल, बरं का. त्या वर्षी पुण्या-साताऱ्यात, बडोद्यात, आपल्या खानदेशात तालमी चालवणारे किती वस्ताद असतील! त्यांच्यावर एक कादंबरी कुणी लिहिली असती तर आज आमच्या समोरच्या मुलाने ‘गदा का’ विचारले नसते.

साहित्य लांबचे राहू द्या, माणसे तर जवळच होती. इथून दोन-अडीच तासांवर बडोदे. तिथे जुम्मादादांची तालीम होती. जुम्मादादा मुसलमान वस्ताद, आणि त्यांची गादी चालवली ती मराठी शिष्याने, राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी. जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नाव त्यांनी गुरूच्या नावाने जपले. त्याच बडोद्यात आबासाहेब मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. १९३६ ते १९४९ या काळात दहा खंड, तेही मराठीत आणि गुजरातच्या भूमीवर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगापुढे करून दाखवले. म्हणजे विद्या होती, पुस्तके होती, जगाने पाहिलेही होते. गोष्ट तेवढी नव्हती. आणि मुलांपर्यंत विद्या आधी गोष्टीतून जाते, ज्ञानकोशातून नाही. दहा खंड वाचून कुणी तालमीत गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

अपवाद एकच ठळक आणि तो रंगभूमीचा. कोकणातल्या दशावतारात रात्रभर लाकडी तलवारींनी युद्ध चालते. संहिता लिहिलेली नाही, नेपथ्य म्हणजे एक बाकडे, आणि पहाटेपर्यंत राक्षस मरतो तो लाकडानेच. प्रेक्षकांत कुणी म्हणत नाही की ही खोटी आहे. आपल्या गणपतीतल्या नाटकांतही तेच चालत आले. फळीची तलवार, वर चंदेरी कागद, मुठीला लाल फडके. इथे सुरतेत तर घटस्थापनेपासून नऊ रात्री सगळे शहर लाकूड हातात घेऊन नाचते. दांडिया म्हणजे देवीच्या तलवारी, असे इथले जाणते सांगतात. सौराष्ट्रात तर खऱ्या तलवारी घेऊन रास खेळतात. आमच्या गुजराती शेजाऱ्यांना हे सांगितले की त्यांना आनंद होतो, आणि आपल्या मुलींना दांडिया कशा धरायच्या हे कुणी शिकवावे लागत नाही. लाकडी तलवार या गावाला परकी नाही.

आता थोडे कडू. यंदा तालमीत एका मुलाच्या भुवईला दुसऱ्याच्या लाकडी तलवारीचे टोक लागले. डोळा बोटभर अंतराने वाचला. टाके पडले. नंतर बैठकीत दोन मते पडली. एक मत असे की लाकडाची तर आहे, लागून लागून काय लागणार, उगाच बाऊ करू नका. दुसरे मत असे की पुढच्या वर्षीपासून तलवारी थर्माकोलच्या करा आणि लाठीचा वर्ग, जो तसाही सहा मुलांवर आला आहे, तो बंद करा.

दोन्ही मते आम्हाला पटत नाहीत. पहिल्या मताला उत्तर कायदाच देतो. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत, जाहीरनाम्यांची भाषा रोजच्या वाचनातली. सणावाराला पोलीस कमिशनर साहेबांचा जाहीरनामा निघतो तो १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली. त्यात काय काय घेऊन फिरायला मनाई असते? दंडा, तलवार, भाला, सोटा, बंदूक, छरा, लाकडी, लाठी. एकाच ओळीत. गुजरातीत लाकडी म्हणजे काठी. कायद्याने तलवार आणि काठी यांना शेजारी शेजारी बसवले आहे, आणि खाली सूट दिली आहे ती अशक्तपणामुळे काठी टेकणाऱ्या माणसाला. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना लाकूड काय करू शकते हे पक्के ठाऊक होते. म्हणून मिरवणुकीत लाठीचे प्रात्यक्षिक करायचे असेल तर परवानगीचा अर्ज वेळेत गेला पाहिजे, हे आम्ही इथेच सांगून ठेवतो. दरवर्षी आदल्या रात्री धावपळ होते.

दुसऱ्या मताला उत्तर त्या भुवईतच आहे. त्या दोन मुलांपैकी एकालाही कुणी अंतर शिकवले नव्हते. समोरचा किती पावलांवर आहे, टोक कुठपर्यंत जाते, वार कुठे थांबवायचा, हे गदका पहिल्या आठवड्यात शिकवतो. तलवारी त्यांच्या हातात आल्या त्या थेट रंगमंचासाठी. थर्माकोल दिला तर टाके पडणार नाहीत, हे खरे. पण उद्या हाच मुलगा गर्दीत, भांडणात, रस्त्यात पडलेली काठी उचलेल तेव्हा तिने किती लागते याचा त्याला काहीच अंदाज नसेल. कार्टूनमधला नायक लाकडाने शंभर जणांना मारतो आणि कुणाला टाके पडत नाहीत. एवढेच बघून मोठा झालेला मुलगा आम्हाला जास्त धोक्याचा वाटतो. ज्याने वळ खाल्ला आहे तो हात राखून मारतो. मुसाशीने वल्हे निवडले तेही त्याला लाकडाचे वजन हाताने माहीत होते म्हणून.

वर्ग बंद करू नये, उलट त्यात गदका आणावा, असा आमचा प्रस्ताव आहे. खर्च फार नाही. डांगात बांबू भरपूर, आणि वेत बाजारात मिळतो. दोरीने गुंडाळून वर जुन्या बॅगांचे मऊ चामडे शिवले की गदका तयार. चामडे शिवायला उधना दरवाज्याकडचे चर्मकार बंधू तयार होतात, आम्ही विचारून आलो आहोत. फरीसाठी सध्या जाड कॅनव्हास चालेल. डोक्याला क्रिकेटचे हेल्मेट. शिकवायला आपल्यातलेच दोन काका आहेत. दोघेही साठीच्या पुढचे, दोघेही गावाकडच्या तालमीत शिकलेले, आणि दोघेही आता मान खाली घालून बसले आहेत म्हणजे त्यांना समजले आहे. मुलींनाही घ्यायचे, हे आधीच ठरवून टाकू.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता, मंडळाच्या हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत. पालकांनी एक वेळ स्वतः येऊन बघावे. ज्या मुलाने ‘गदा का’ विचारले, त्याचे नाव आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!